हातगुण म्हणे!

पाथरीहून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं परभणीच्या स्टँडासमोर मला गाठलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "सर, उत्तम मिस्त्री गेले. कावीळ झालती. काल माती झाली." हातात भाजीची पिशवी घेऊन मी तसाच उभा राहिलो... आठ दिवसांनी पाथरीत शोकसभा झाली, तिला गेलो, आणि तिथं जे ऐकलं त्यानं डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. जो उठेल तो एकच सांगत होता. उत्तमच्या हाताला गुण होता, देवाची देणगी होती, हात लावला की इंजिन बोलायचं. सगळ्यात मोठ्यानं हे सांगितलं ते दादासाहेबांनी. कालव्याच्या कामांचे हे कंत्राटदार. याच माणसानं काही वर्षांपूर्वी याच हाताला चारचौघांत बट्टा लावला होता. लोकांनी माना डोलावल्या. हातगुण म्हणे! माणसानं डोकं झिजवून मिळवलेलं ज्ञान देवाच्या नावावर टाकलं की त्या माणसाला मान द्यायची गरजच उरत नाही. मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या पेटवापेटवीत गावाकडचं घर गेलं, तेव्हा उत्तम खंदारे बायकोला घेऊन पाथरीला आला आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडात त्यानं गॅरेज टाकलं. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझी लुना दुरुस्त करता करता तो असे प्रश्न विचारायचा की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागायचं. "सर, ठिणगी हवेतून उडी कशी मारती? वाट कोण दावतं तिला?" स्पार्क प्लग काढून, त्याचं टोक बघून तो इंजिनाची तब्येत सांगायचा. काजळी धरलेलं काळं टोक म्हणजे प्लग फार थंड, पांढरंफटक म्हणजे फार गरम, आणि शेंगदाण्याच्या फोलपटासारखं तपकिरी म्हणजे बरोबर. उन्हाळा लागला की जीपवाले त्याच्याकडं थंड प्लग मागायला यायचे, उष्णता झाली म्हणून ताक मागावं तसे. तो वैतागायचा. "अरे, प्लग म्हंजे सरबत हाय का? थंड प्लग इंजिन गार करत न्हाई बाबा. त्यो सोताचा ताप लौकर उतरवतो, एवढंच!" जीपवाले हसायचे, पण त्याचं ऐकायचे.

मग दादासाहेबांनी मुंबईच्या लिलावातून एक परदेशी गाडी आणली. तिला टर्बो होता, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तिचे मूळचे प्लग झिजलेले, आणि तसे इकडं मिळेनात. साधे प्लग घातले की चढावर गाडी आचके द्यायची आणि इंजिन आतून खडखडायचं. उत्तमनं गाडीला लगेच पाना लावला नाही. गाडीचं इंग्रजी पुस्तक घेऊन तो माझ्याकडं आला. शाळा सुटल्यावर आठ दिवस आम्ही ते वाचत बसलो. शब्दाचा अर्थ मी सांगायचो, आणि त्या शब्दांनी इंजिनात काय होतं ते तो मला सांगायचा. "हवा दाबून भरली की ठिणगीला उडी जड जाती सर. मंग प्लगच्या टोकाची फट कमी करावी लागंल. अन् ताप लय, म्हून प्लग एकदोन पायऱ्या थंड." त्यानं हैदराबादहून तीन तऱ्हेचे प्लग मागवले. एकेक संच घालून आम्ही जिंतूरच्या पुढच्या चढावर जायचो. टोकाचा रंग त्या क्षणाचाच राहावा म्हणून गाडी भर जोरात असताना तो चावी बंद करायचा, गाडी कडेला घ्यायचा आणि फडक्यानं धरून तापलेला प्लग उन्हात निरखायचा. मापाच्या पोलादी पाती घालून घालून फट केसाकेसानं कमी करत गेला. पाचव्या खेपेला टोक हवं तसं तपकिरी निघालं आणि गाडी चारठाण्यापर्यंत एकदाही न अडखळता गेली. तिथल्या जुन्या देवळाच्या ओट्यावर बसून त्यानं वहीत कंपनी, नंबर आणि फट लिहून घेतली. ह्याला हातगुण म्हणायचं? ज्या विद्यापीठाच्या नावापायी त्याचं घर जळालं, तिथं ह्याला प्रयोग म्हणतात. तो करणाऱ्याला तिथं पदवी मिळते, आणि उत्तमला दादासाहेबांनी "शाब्बास रे" म्हणून खांद्याला हात न लावता निरोप दिला.

सहा महिने गाडी झकास चालली. मग दादासाहेबांनी ती शहरातल्या एका चकचकीत गॅरेजात दिली. तिथल्या मिस्त्रीनं प्लग बदलताना जुना नंबर पाहिला आणि तोच नंबर घातला, पण दुसऱ्या कंपनीचा. एका कंपनीत नंबर वाढला की प्लग थंड होत जातो, दुसऱ्या कंपनीत नंबर वाढला की गरम. चकचकीत गॅरेजाला हे ठाऊक नव्हतं, पत्र्याच्या शेडाला ठाऊक होतं. येताना वाटेत त्या गरम प्लगांनी पिस्टनला भोक पाडलं आणि गाडी ट्रकला बांधून पाथरीत आली. दादासाहेबांच्या अंगणात दहावीस माणसांपुढं उत्तमला बोलावणं गेलं. मीही गेलो. त्यानं चारही प्लग काढून पोत्यावर मांडले. ते बघताच मला कळलं.

"हे माझे प्लग न्हाईत, दादासाहेब," उत्तम म्हणाला.

"नंबर तोच आहे की! मला गाडी शिकवतोस? तुझा हात लागला तेव्हाच ही गाडी बिघडली."

तुझा हात लागला... हे शब्द त्या माणसाच्या तोंडून सहज निघाले, पिढ्यान्‌पिढ्या निघत आल्यासारखे. उत्तमचा चेहरा काळवंडला. तो माझ्याकडं वळला. "सर, तुमी संगं व्हता. तुमाला समदं ठाव हाय. सांगा की."

दादासाहेब आमच्या शाळेच्या संस्थेवर होते. मी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणालो, "झालं ते झालं उत्तम, आता वाढवू नकोस." असं मी म्हणालो! विज्ञानाचा शिक्षक! शोकसभेत बोलणाऱ्यांवर मी एवढा का चिडलोय ते वाचकांच्या आता ध्यानात आलं असेल. त्यांनी तो गेल्यावर त्याचं श्रेय काढून घेतलं, मी तो समोर उभा असताना काढून घेतलं.

त्यानंतर जीपवाले तुटले. उत्तमकडं लुना आणि फवारणीचे पंप तेवढे उरले. पुढं माझी परभणीला बदली झाली. स्टँडावर कधी भेटला तर "सर, बरं हाय का?" म्हणायचा, त्या दिवसाचा विषय त्यानं कधी काढला नाही. नामांतर झालं तेव्हा गॅरेजसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यानं पेढा दिला, असं ऐकलं. मी तेव्हाही गेलो नाही, मला तोंड नव्हतं.

परवा गेलो. वहिनींनी शेडाचं दार उघडलं. आतल्या भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं छतापर्यंत तक्ता रंगवलेला होता. कंपन्यांची नावं, प्रत्येकीचे नंबर गरमकडून थंडकडं ओळीनं मांडलेले, पुढं फट. अक्षर ठसठशीत, कुणालाही वाचता यावं असं. "त्या गाडीच्या भानगडीनंतर रंगवलं बघा," वहिनी म्हणाल्या. "जीपवाले दुरुस्तीला येत नव्हते, पर भित वाचून जायचे. अजून येतेत." मी वाचत वाचत खाली आलो. तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती: शंका असल्यास सरांना विचारा.

वहिनींनी विचारलं, "आलतं का हो कुणी, तुमाला इचारायला?"

नाही वहिनी, कुणी आलं नाही. म्हणून कुणी न विचारता सांगतो. त्या गाडीतून निघालेले चारही प्लग दुसऱ्या कंपनीचे होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ते उत्तमचे नव्हते.