धाक नसलेला मिस्तरी

रोहिणखेडहून कापूस घेऊन आलेला गाडीवान बैल सोडायच्या आधीच माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबू, तुमचा मिस्तरी गेला. आज पहाटंच." मी हजेरी लिहीत होतो. पुढची दोन नावं मी लिहिली, ती कुणाची हे मला आजही सांगता येणार नाही. दिवाळीपासून उकर्डाभाऊ खोकत घरीच पडून होते. जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, तीस हंगाम कापसाची धूळ खाल्लेला माणूस, खोकला काय त्यांना नवा नव्हता... तरी ते परत येतील असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तेरवीला मी रोहिणखेडला गेलो. आमचे मॅनेजरसाहेबही आले होते. बुंदी वाढून झाली आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "माणूस सोन्यासारखा हो, पण धाक नव्हता. बायकांना डोक्यावर बसवून ठेवलं. सोमवारपासून ती खाड्याची वही पुन्हा काढा." ज्याच्या घरी जेवायचं त्याच्याच ओसरीवर हे बोलणं! मी पत्रावळ सरकवली आणि उठलो. त्या घरात मला भांडण नको होतं. म्हणून ते आता इथे, चारचौघांत भांडतो.

उकर्डा हे नाव ऐकून शहरातली माणसं हसतात. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचललं, आणि हे टिकलं. मलकापूरच्या आमच्या जिनात ते रेच्यांचे मिस्तरी होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. एकेका रेच्यापुढे एकेक बाई उभी राहून कापूस घालते. गाड्या थेट धाड गावाकडूनही येतात. कापूस खळ्यावरून भरलेला, त्यात गोटा, खिळा, काय वाट्टेल ते निघतं. गोटा रेच्यात गेला की पात्याशी ठिणगी उडते, आणि भोवती सगळी रुई. पुढचं सांगायला नको.

मी हजेरी कारकून म्हणून लागलो त्या पहिल्याच आठवड्यात चंद्रभागाबाईनं पट्टा सरकवून चालता रेचा थांबवला. मला वाटलं, आता बाईची धडगत नाही. उकर्डाभाऊ आले, तिच्या हातातला गोटा पाहिला, आपल्या खिडकीतला डबा उघडला आणि तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. गोटा खिडकीच्या कट्ट्यावर मांडला. मी विचारलं, "मिस्तरी, काम थांबवल्याबद्दल गूळ?" ते म्हणाले, "काम कुठं थांबलं बे? तिनं आग थांबवली. तुले आग पाहाची हाये का?" जो थांबवेल त्याला गूळ, हा त्यांचा रिवाज. नवी बाई असो की जुनी, थांबवायला कुणाला विचारायचं नाही.

एकदा तर गंमतच झाली. दुरुस्ती करताना भाऊंचा स्वतःचा पाना कापसाच्या ढिगात राहिला. तो सापडला चंद्रभागाबाईला. भाऊंनी सगळ्यांसमोर दोन्ही कान धरले, दोन उठाबशा काढल्या आणि तिला गुळाचे दोन खडे दिले. "मिस्तरीचा गोटा जड असते, बाई," म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून कुणी चूक लपवलेली मी पाहिली नाही. याला धाक म्हणत नाहीत, कबूल. मग कशाला म्हणतात, ते साहेबांनी सांगावं.

लढाईच्या काळात हे साहेब आले. रेचे वरचेवर थांबतात हे पाहून त्यांनी हुकूम काढला: जी रेचा थांबवेल तिचा अर्ध्या दिवसाचा खाडा, म्हणजे तेवढी मजुरी कापायची, आणि तीन खाडे झाले की घरी. वही लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहीत गेलो. पंधरवड्यात थांबणं बंद! साहेब खूश, मीही खूश, खोटं कशाला बोलू. उकर्डाभाऊ तेवढे माझ्या खिडकीशी आले. "बाबू, गोटे यायचे बंद झाले का?"

"वहीत तर नाहीत."

"कापसात हायेत ना. बायका बोलून नाही राह्यल्या, एवढंच झालं."

मी हसून सोडून दिलं... ते हसणं आजही मला लागतं.

चार दिवसांनी दुपारी चंद्रभागाबाईच्या रेच्यात खिळा गेला. तिनं आवाज ऐकला, वासही घेतला. पण तिचे दोन खाडे झाले होते. तिसऱ्याला ती घरी जाणार होती, आणि घरात कमावणारी ती एकटी. ती थबकली. तेवढ्यात रुई पेटली. भाऊंनी धावत येऊन पट्टा काढला, पोती टाकून आग विझवली, तोवर बाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. साहेब ओरडत आले, "ही ओरडली का नाही?" भाऊ म्हणाले, "ओरडाले तिचं तोंड होतं साहेब, ते तुमच्या वहीनं शिवलं." मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "अन् सुई तुह्या हातात होती, बाबू."

ते जाऊन अंगणात बसले. त्यांच्यामागे एकेक करून सगळ्या बायका. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली, बैल हंबरायला लागले, गाडीवान शिव्या घालायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी हुकूम मागे घेतला. वही मीच कपाटाच्या तळाशी टाकली. त्यानंतर भाऊ असेतो आमच्या जिनात आग लागली नाही. शेजारच्या तालुक्यातले व्यापारी आमची रुई मागून नेत. धाक नव्हता म्हणे!

तेरवीनंतरच्या सोमवारी मी लवकर गेलो. भाऊंच्या खिडकीतून डबा उचलला, गूळ भरला आणि माझ्या टेबलावर, हजेरीच्या शेजारी ठेवला. साहेबांनी येताच विचारलं, "खाड्याची वही काढली?" मी म्हणालो, "नाही. मी ती लिहिणार नाही. दुसरा कारकून पाहा." माझ्या घरी पाच तोंडं खाणारी आहेत, तरी म्हणालो. साहेब काही बोलणार तोच आत एक रेचा थांबला. सगळ्या बायकांचे हात थबकले. सगळ्या माझ्या दाराकडे पाहत होत्या.

चंद्रभागाबाई आली. त्याच सुरकुतलेल्या, भाजलेल्या हातानं तिनं साहेबांच्या समोर टेबलावर गोटा ठेवला. मी डबा उघडून चांगला मोठा खडा काढला.

"बारका दे बाबू," ती म्हणाली. "दिवसभर अजून लय गोटे निंगतीन."