चार नंबरच्या प्रेसवरची बोटं

चूक माझीच. गेटवरच्या फलकावरचा ‘अपघातमुक्त दिवस’ हा आकडा मोडू नये म्हणून, किरकोळ जखमा रजिस्टरमध्ये लिहू नका, असं सेफ्टी ऑफिसर म्हणून मी महाळुंग्याच्या आमच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरना बजावलं होतं.

पट्टी बांधताना त्या प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायच्या. "मशीन कोणतं? शिफ्ट कोणती? दुखतंय ते नंतर सांग." रजिस्टर थांबल्यावर ही उत्तरं त्या मोबाईलमध्ये भरू लागल्या. तक्ते, आलेख सगळं रविवारी बसून स्वतःच शिकल्या.

"काय सिस्टर, आयटीत जाताय का?" मी चिडवलं.

"नाही हो सर, इथलंच काम सरत नाही."

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्या न बोलावता आल्या. मोबाईल प्लांट हेडसमोर ठेवला. त्यातल्या आलेखात बहुतेक सगळ्या जखमा बोटांच्या आणि चार नंबरच्या प्रेसवरच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या एकाच मशीनवरच्या होत्या.

"हे रजिस्टरमध्ये का नाही?" प्लांट हेडनी विचारलं.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते नंतर बघू, सर. आधी प्रेस थांबवा. उद्या कुणाचं तरी बोट जाईल."

प्रेस थांबवल्याचा फोन येईपर्यंत त्या उभ्याच होत्या. मग मीही उभा राहिलो.

"लिहू नका असं मी सांगितलं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "सिस्टर, माझं चुकलं. मला माफ करा."