नखानं उघडणारा चाकू

मी नखं खातो. पंचेचाळिशी उलटली, केस पिकले, शिकागोजवळ शॉमबर्गला घर झालं, ऑफिसात हाताखाली माणसं आली, तरी मी नखं खातो. तीही थोडीथोडकी नाहीत, मुळापासून. अंगठ्याला तर नख म्हणावं असं काही उरतच नाही. मांसात रुतलेली एक पांढरी रेघ असते, तेवढीच. दारू पिणाऱ्याबद्दल लोक हळहळतात, सिगारेट ओढणाऱ्याला समजावतात. नखं खाणारा बाप्या माणूस दिसला की ते नुसती नजर वळवतात. मला त्या नजर वळवण्याचीच जास्त लाज वाटते.

लहानपणी आईनं सगळे उपाय केले. नखं खाल्ली की घरात दारिद्र्य येतं, हे सांगून झालं. मग बोटांना कडुनिंबाचा रस लावून झाला. त्यानं एवढंच झालं की मला कडू आवडायला लागलं आणि कारल्याची भाजी घरात मी एकटाच मागून घेऊ लागलो. साखरपुड्याच्या अल्बममध्ये अंगठी घालतानाचा एक फोटो होता, फोटोग्राफरनं हौसेनं बोटांचा अगदी जवळून काढलेला. तो मी काढून फाडून टाकला आणि बायकोला सांगितलं, चिकटून खराब झाला होता. ग्रीन कार्डसाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो, तिथल्या बाईंनी माझं एकेक बोट धरून काचेवर दाबलं. मीच आपला न विचारता म्हणालो, "स्ट्रेसफुल जॉब." त्यांनी पुढचं बोट मागितलं.

तर लपवण्यात मी मुरलेला माणूस. कप कसा धरायचा, मीटिंगमध्ये हात कुठे ठेवायचे, फोटोत मुठी कशा वळायच्या, हे सगळं मला झोपेतही जमेल. पण घरात कोण लपवतो? आमची मुलगी आठ वर्षांची झाली आणि एक दिवस बायकोनं तिचा हात माझ्यासमोर धरला. इवलीशी बोटं, आणि टोकं लालभडक. बायको तिला रागावली तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "बट बाबा डझ इट."

बायको मला एवढंच म्हणाली, "तू आधी सोड. मग मी तिला सांगते."

माझं नाक मुलीनं घेतलं, माझा चिडका स्वभाव घेतला, त्याला माझा इलाज नव्हता. पण हे एक तिनं माझ्याकडून घेऊ नये, असं मला फार फार वाटलं. तिनंही आयुष्यभर टेबलाखाली हात ठेवून बसावं, हा विचार मला सहन होईना.

म्हणून मी आणि मुलीनं पैज लावली. दोघांनी नखं वाढवायची. तिची वाढली की तिला हवं ते नेलपॉलिश. तिनं हिरवं सांगितलं. माझी वाढली की मला काय? मी म्हणालो, चाकू.

हे मी एकदम म्हणालो खरं, पण मनात ते बरेच महिने होतं. आमच्या मागच्या गल्लीतले एक म्हातारे शेजारी खिशातून एक घडीचा चाकू काढत, पार्सल फोडत, सफरचंद चिरत, आणि पुसून परत खिशात टाकत. त्या चाकूला इथे स्टॉकमन म्हणतात. स्टॉक म्हणजे गुरंढोरं. गुरं राखणाऱ्यांचा हा चाकू. मी मित्राला हे नाव सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आरएसयू विकलेस की काय तू?" आरएसयू म्हणजे कंपनीकडून पगाराबरोबर मिळणारे शेअर. आमच्या लोकांना स्टॉक म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. चाकूला हाडाची मूठ आणि वेगवेगळ्या आकाराची तीन पाती. प्रत्येक पात्यावर एक बारीक खाच असते. त्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवायचं आणि पातं ओढायचं. बटण नाही, खटका नाही. नख नसेल तर चाकू उघडत नाही.

मला तो हवा होता तो त्याच्यासाठीच. तिन्ही पाती आपल्या नखानं उघडली की पैज जिंकली, दुसरा पुरावा नको. त्यात मी मोठ्यातला मोठा घ्यायचं ठरवलं. रात्रंदिवस वाचलं, व्हिडिओ बघितले. लहान खिशात बरा, मधला बहुतेकांना पुरतो, मोठा जड आणि स्प्रिंगला ताठ, असं सगळे सांगत होते. मी म्हटलं, ताठच हवा. सवय जुनी, तर मास्तरही कडक पाहिजे. बायको म्हणाली, "घे बाबा, घे. गुरं कुठे बांधणार आहेस? गराजमध्ये?"

शॉमबर्गहून पश्चिमेला मक्याची शेतं सुरू होतात, तिथे शेतीच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. शनिवारी मी आणि मुलगी तिथे गेलो. काउंटरवरच्या पोरीनं काचेखालून तीन-चार चाकू काढले आणि बोलता बोलता टक्-टक् करत एकेक पातं उघडून दाखवलं. मग मोठा स्टॉकमन माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "ट्राय इट." माझे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. मी म्हणालो, "नो नो, लुक्स परफेक्ट." तिला वाटलं मी घाबरतोय. तिनं एका अंगठ्यानं उघडणारा दुसरा चाकू पुढे सरकवला आणि हा सोपा आहे म्हणाली. तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "नो, ही नीड्स द हार्ड वन. ही हॅज नो नेल्स."

काउंटरवरची पोरगी हसली, वाईट मनानं नव्हे. मी मोठाच घेतला आणि गाडीत बसल्यावर मुलीला विनाकारण सीटबेल्टवरून ओरडलो.

त्या दिवसापासून चाकू रोज माझ्या खिशात. पँट एका बाजूला ओढली जायची, बसताना मांडीला टोचायचा, आणि टोचला की हात तोंडाकडे जाता जाता थांबायचा. काही दिवस खरंच थांबला. अंगठ्यावर कोवळी कड दिसायला लागली. मी ती दिवसातून कितीदा तरी बघत होतो. मुलीची तर भराभर वाढली. रोज शाळेतून आली की हात पुढे करायची, मी माझा करायचो, आणि आम्ही ताडून बघायचो.

मग ऑफिसात कपातीची कुजबुज सुरू झाली. एका दुपारी तासभराचा कॉल संपवून उठलो तर दोन्ही अंगठे साफ. कधी खाल्ले, कळलंही नाही. कॅमेरा चालू होता की बंद, हेच मी आधी आठवत बसलो.

त्याच आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, टेस्ट कधी?" मी रविवार सांगितला. खरं सांगायला शनिवारचा अख्खा दिवस होता. तो मी गराजमध्ये घालवला. सिरियलच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नखाएवढी चकती कापली आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी, ते जिथे स्प्रिंगवर टेकतं तिथे, बसवली. त्यानं पातं मिटलं तरी जरा वर राहायचं आणि चिमटीत यायचं. रविवारी मी तिच्यासमोर थोडं तिरकं उभं राहून ते उघडलं. बाकीच्या दोन पात्यांबद्दल तिनं विचारलं नाही. तिनं चाकूकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तिच्या टीचर म्हणत असतील तशा सुरात म्हणाली, "गुड जॉब, बाबा." त्या संध्याकाळी आम्ही हिरवं नेलपॉलिश आणलं. ते लावून देताना माझी बोटं तिच्या बोटांशेजारी होती, आणि ती माझ्या बोटांकडे मुळीच बघत नव्हती.

जुलैत इथल्या मराठी मंडळाची पिकनिक झाली. झाडीतलं मैदान, कणसं भाजायला शेगडी, बायकांनी आणलेले डबे, आणि भलंमोठं कलिंगड. सुरी आणायला सगळेच विसरले. कुणी म्हणालं टेबलाच्या कडेवर आपटू, कुणी म्हणालं गाडीच्या किल्लीनं सुरुवात करू. माझी मुलगी पळत आली. "माय बाबा हॅज अ नाइफ! अ ह्यूज वन!"

मी चाकू काढला. पात्याला हात घातला तर ते आत पार बसलेलं. दिवसभराच्या घामानं पुठ्ठ्याचा लगदा होऊन गेला होता. मी बोटाच्या टोकानं खाच चाचपली. नुसतं मांस, ते घसरत होतं. सगळे भोवती जमले होते. मी पाठ वळवून दातांनी ओढायचा प्रयत्न केला. माझा तो आरएसयूवाला मित्र म्हणाला, "काय रे, नखं गहाण ठेवलीस का?" लोक हसले. तो चाकू घ्यायला पुढे झाला, आणि घेताना माझी बोटं त्याच्या नजरेखाली आली. त्याचं हसू थांबलं आणि त्यानं नजर वळवली.

तेव्हा मुलगी मोठ्यानं म्हणाली, "इट्स माय फॉल्ट! मी तो सिंकमध्ये टाकला होता. रस्ट झालाय. दॅट्स व्हाय." असं म्हणताना ती माझ्या आणि लोकांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

एक काकू तिला म्हणाल्या, "अगं, बाबांच्या वस्तूंना असा हात लावतात का? लागलं असतं म्हणजे?" दुसऱ्या एकांनी चाकूविषयी तिला चार गोष्टी ऐकवल्या. ती मान खाली घालून, मागे हात बांधून ऐकत होती. मी तिथेच होतो. एक वाक्य बोलायचं होतं, सोपं, मराठीत. मी चाकू खिशात टाकला, त्याच्या मागोमाग हातही खिशात घातला आणि म्हणालो, "जाऊ द्या, लहान आहे." मला त्या वाक्याची जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यभर खाल्लेल्या नखांची वाटली नाही. तिकडे कुणीतरी कलिंगड टेबलावर आपटलं.

परत येताना बायको गाडी चालवत होती, मी शेजारी, मुलगी मागे. बायकोला खरं काहीच माहीत नव्हतं. ती सिग्नलला थांबली की मागे बघून बोलायची. सिंकमध्ये कधी टाकलास? मला का नाही सांगितलंस? पातं उघडं असतं म्हणजे? मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मी समोरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचत होतो.

मग मागून आवाज आला. अगदी बारीक, कट् असा. तो आवाज मी गर्दीतही ओळखीन.

"बघ, परत सुरू झालं हिचं," बायको म्हणाली. "इतकी छान वाढली होती. तू सांग तिला. तुझं ऐकते ती."

कुठल्या तोंडानं सांगणार होतो मी? मी सीटवरून मागे वळलो. हिरव्या रंगाची कपची तिच्या खालच्या ओठाला चिकटली होती.

"चाकू सिंकमध्ये पडलाच नव्हता," मी म्हणालो. "मीच खोटं..."

"नो, बाबा," अंगठा तोंडातून न काढता ती म्हणाली, "आय ड्रॉप्ड इट."