भिंतीतली चरचर

सगळे तिला वहिनी म्हणायचे. पंपाच्या, पंख्यांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान नवऱ्याचं. तो गेल्यावर जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळायचं काम तिनेच हाती घेतलं, त्याला अठरा वर्षं झाली होती. मोटार चालू केली की मान तिरकी करून ऐकायची आणि सांगायची, "आठवडा काढेल ही, जास्त नाही." अंदाज सहसा चुकत नसे.

एक दिवस एक चित्रकार बाई दुकानात आली. म्हणाली, "हल्ली मी चित्रं काढत नाही. हवेतून, अवकाशातून ज्या लहरी आपल्या अंगातून आरपार जातात, त्या मला लोकांना ऐकवायच्या आहेत. त्या पकडायला माणसापेक्षा उंच तारेची कॉइल हवी."

"आणि मोटार?" नणंदेने विचारलं. ती दुकानात मदतीला असायची.

"मोटार नाही. नुसती कॉइल."

"म्हणजे गाडी नाही, नुसतंच चाक," नणंद पुटपुटली.

वहिनीला मात्र काम आवडलं. सतरा दिवस तिने तार गुंडाळली. प्रदर्शनाच्या दालनात कॉइल टांगली, तिला स्पीकर जोडले, आणि लोक जमिनीवर पडून ऐकू लागले. खोल, संथ घूं घूं, एखादं मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय तशी.

वहिनीने मान तिरकी केली. आवाजात मधूनच चरचर होत होती. टांगलेली कॉइल झुलत एका भिंतीकडे गेली की ती वाढायची. त्या भिंतीपलीकडे बिनखिडक्यांची नवी इमारत होती. तिथे हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालत.

"हे आभाळातलं नाही," तिने चित्रकार बाईला सांगितलं. "शेजारची जाड केबल या भिंतीलगत गेलीय. तिचा जोड कुठेतरी ढिला आहे."

"वहिनी, तेच तर विलक्षण आहे. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते बोलतंय."

"बोलत नाही. जळतंय."

ती शेजारच्या इमारतीत गेली. टायवाल्या साहेबाने स्क्रीन दाखवली. "आमच्याकडे सगळं हिरवं आहे, बाई."

रोज दुपारी ती दालनात जाऊन ऐकायची. तिसऱ्या दिवशी चरचर थांबेना. चौथ्या दिवशी भिंतीला हात लावला, तर ती कोमट होती. भिंतीला पाठ टेकून शाळेची मुलं डोळे मिटून बसली होती.

वहिनीने पिशवीतली पक्कड काढली आणि कॉइलची तार तोडली. दालन एकदम गप्प झालं.

"सगळ्यांनी बाहेर चला," ती मुलांच्या बाईंना म्हणाली. "आत्ताच."

मुलं रस्त्यावर गेली. चित्रकार बाईने तुटलेल्या तारेचं टोक हातात धरलं. "तुम्ही माझं काम मारलंत."

"माझंही होतं ते," वहिनी म्हणाली आणि तिला मनगटाला धरून बाहेर घेऊन आली.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. दालनाचा व्यवस्थापक पोलिसांना बोलावतो म्हणाला. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग भिंतीच्या जाळीतून धूर निघाला, आतून धप्प असा आवाज आला आणि दालनाचं दार काळं पडलं.

मुलं वाचली. शेजारच्या इमारतीत केबलपाशी काम करणारा एक वायरमन वाचला नाही. तो तिथे आहे हे वहिनीला माहीत नव्हतं. नणंद तिला पुन्हा पुन्हा हेच सांगायची, पण रात्रीची झोप काही येईना.

महिन्याभराने चित्रकार बाई आली. चारही दिवसांचा आवाज तिच्याकडे रेकॉर्ड झाला होता. दोघी तो घेऊन चौकशी अधिकाऱ्याकडे गेल्या. वायरमनची बायकोही आली होती. वहिनीने बोट वर केलं. "इथे. ऐका."

अधिकाऱ्याने तीनदा ऐकलं. "मला तर नुसती घूं घूं ऐकू येते," तो म्हणाला. वायरमनच्या बायकोने विचारलं, "आणि पहिल्या दिवसापासून होतं हे?" "हो," वहिनी म्हणाली. अहवालात कारण अस्पष्ट असं आलं.

पावसाळा संपायच्या आत इमारत पुन्हा सुरू झाली, एक मजला वाढवून. नवी केबल दुकानामागच्या गल्लीतून, भिंतीलगत टाकली. पहिल्याच सकाळी वहिनीने मागच्या भिंतीला कान लावला आणि ऐकत राहिली. मग नणंदेला हाक मारून म्हणाली, "ते टेबल या भिंतीपासून जरा पुढे ओढायला लाग."