पूजेनंतरचा लॅपटॉप

“अरे, हाथ मत लगा. पूजा हो गई है.”

मी लॅपटॉपपर्यंत पोचलेच होते. पुढे केलेला हात तसाच राहिला. बोलले ते आमचे शेठ. गोंदियात राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ज्या कंपनीत मी कोडिंग करायची, तिचे मालक. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहायचो त्याची नवी आवृत्ती आली होती. शेठनी गावातले सगळे प्रोग्रामर हॉटेलच्या हॉलमध्ये जमवले होते. नव्या आवृत्तीतली फीचर्स मीच दाखवायची, असं ठरलं होतं. आठवडाभर मी आरशासमोर बोलून बघत होते.

लॅपटॉपवर कुंकवाची बोटं. वर झेंडूचं फूल. पहिल्या रांगेत शेठचे वडील आणि त्यांचे मिलवाले दोस्त.

“तू वहीं से बोल. बटन विवेक दबाएगा.” विवेक माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. मग शेठ हळूच म्हणाले, “ऑफिस में चलता है. यहाँ बाबूजी बैठे हैं. समझा कर.”

समजलं. आम्ही बौद्ध, हे त्यांना माझ्या आडनावावरून पहिल्या दिवसापासून माहीत. रोज त्याच लॅपटॉपवर माझी बोटं चालायची. तेव्हा विटाळ नव्हता. चार माणसं बघायला बसली आणि झाला.

मी भिंतीपाशी उभी राहून बोलायला लागले. अर्धा शब्द लिहा, उरलेला हे सॉफ्टवेअर स्वतःच सुचवतं. विवेकनं अर्धा शब्द लिहिला. पडद्यावर उरलेला उमटला. टाळ्या पडल्या, सगळ्या त्याच्याकडे बघून.

तेव्हा मला आजी दिसली. मेलेली आजी. ती मोठ्या शेतकऱ्यांकडे धान कांडायला जायची. तिनं कांडलेला तांदूळ त्यांच्या चुलीवर शिजायचा, आणि ती वाड्याबाहेर उभी. त्या हॉलमध्ये ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, अगदी खांद्याला खांदा लावून.

“आता काय दाबू?” विवेकनं विचारलं.

मी लॅपटॉपवरच्या झेंडूकडे बघत होते.

“बोल ना!” शेठ खेकसले.

ऑफिसात मी हिंदीच बोलायची. त्या वेळी तोंडातून घरची बोली निघाली. “माहा हात चालत नाई, त माही जीभबी नाई चालणार.”

पर्स उचलली आणि बाहेर पडले. नोकरी गेली. विवेकचा फोन आला, “कायले एवढी तनतन करून राहिली? एका दिवसाचीच त गोष्ट होती.” मी फोन ठेवला.

तो दिवस काही संपत नाही. अजून कुणी पाठीमागे येऊन उभं राहिलं की माझी बोटं कीबोर्डवर अडतात. राग येतो, स्वतःच्या बोटांचाही.

पण आता मी स्वतःच बाहेरची कामं घेते, आणि काम घेण्याआधीच तोंडावर सांगते. पूजा करा, नारळ फोडा, तुमचं तुम्ही बघा. मशीन सुरू मी करणार, सगळ्यांसमोर. काही लोक मग परत फोन करत नाहीत. नका करू. ज्यांना माझं काम पाहिजे, त्यांना ते माझ्या हातासकट घ्यावं लागेल.