डावीकडे वळलेला घास

लेकीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हा दोघांना एका महागड्या जपानी हॉटेलात पाठवलं. लांब लाकडी काउंटरपलीकडे उभा राहून आचारी एकेक सुशी वळायचा आणि थेट आमच्या पुढ्यात ठेवायचा. पहिल्या दोन त्याने दोघांपुढे सारख्याच तिरक्या ठेवल्या. तिसरी ठेवताना मात्र नंदाची तेवढी उलट्या बाजूला वळवली.

"मी डावखुरी आहे, हे कळलं त्याला," ती हळूच म्हणाली. तेव्हा कुठे मी पाहिलं, जेवायच्या काड्या तिच्या डाव्या हातात होत्या.

तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. त्या माणसाचा मला मनापासून राग आला. गिऱ्हाइकाकडे लक्ष देणं हे त्याचं कामच आहे, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्याला दोन घासांत जे दिसलं, ते मलाही एकदा दिसलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत. तेव्हा मी तिच्या कानाशी कुजबुजलो होतो, "उजव्या हाताने जेव, सगळे बघतायत." ती मुकाट्याने उजव्या हाताने जेवू लागली आणि मी ते विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा मी केला. तिच्यापुढे कप ठेवताना त्याचा कान आठवणीने डावीकडे केला. नंदाने पेपरातून डोकं वर न काढता कप फिरवून घेतला आणि सवयीने उजव्या हाताने उचलला.