नॉर्मादियाबाईंचा बिनसाखरेचा फेस

नॉर्मादियाबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण ही बातमी अजून बाईंपर्यंत पोचलेली नाही. मलेशियातल्या बातू गाजा गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. आजही आमच्या गल्लीत कुणाचा भात करपला, तर वास आधी बाईंना येतो आणि बोलणी लगोलग आम्हाला. मी त्यांचा शेजारी आणि जुना विद्यार्थी. शिवणकामात त्यांनी मला नापास केलं होतं. आता माझं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे, तरी तो निकाल त्यांनी काही बदललेला नाही.

त्यांचे यजमान हमदानकाका फायर ब्रिगेडमध्ये होते. जळत्या घरात बिनघोर शिरणारा हा माणूस सुई दिसली की पांढराफटक पडायचा. रोज संध्याकाळी कादरच्या टपरीवर आमचा अड्डा. कादर चहात डब्यातलं घट्ट गोड दूध घालतो, दोन मगांतून हातभर उंचीवरून धार ओढतो आणि बर्फावर ओततो. वर बोटभर फेस. काका असे तीन ग्लास रिचवायचे, तेही “गोड कमी” असं बजावून. कादरकडे गोड कमी म्हणजे दूध नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमी. तेवढ्यावर दोघांचंही समाधान व्हायचं.

मग सरकारी दवाखान्यात काकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, सातच्या आत हवी ती, साडेनऊ निघाली. नर्सने सांगितलं की पुढच्या तपासणीत उतरली नाही, तर रोज पोटात इन्सुलिन टोचावं लागेल. काका मटकन खुर्चीत बसले. बाईंनी तिथेच फर्मान काढलं: टपरी बंद, तोच चहा घरी, बर्फ आणि फेसासकट, फक्त साखरेशिवाय.

आता बाई काही नुसता चहा करणाऱ्यातल्या नव्हेत. चहा कडक उकळायचा, गाळून गार करायचा. बिनसायीचं दूध, दोन चमचे दूध पावडर, बर्फाचे खडे, सगळं झाकणाच्या बरणीत घालून शंभर वेळा गदागदा हलवायचं आणि मग उंचावरून ग्लासात सोडायचं. फेस पट्टीने मोजायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात फेस ओठांपर्यंत पोचायच्या आधीच विरायचा. दुसऱ्या आठवड्यात बरणीचं झाकण उडालं आणि चहा छताला लागला. बाईंच्या मते चूक झाकणाची होती. शिवाय प्रत्येक प्रयोगाशेजारी तुलनेसाठी एक अस्सल ग्लास हवाच, डब्याचं गोड दूध घातलेला, हुबेहूब कादरसारखा. नमुनाच नसेल तर मार्क देणार कशावरून?

काका प्रयोग निमूट पीत. कसा झालाय असं बाईंनी विचारलं की “कालच्यापेक्षा बरा” हे ठरलेलं उत्तर. मी एकदा कुंपणावरून खरं काय ते विचारलं, तर इकडेतिकडे बघून म्हणाले, “अरे, सुईपेक्षा गोड आहे.”

पण बाईंची चिकाटी दांडगी. दोन महिन्यांत फेस खरंच बोटभर यायला लागला. मी प्यायलोय, सांगतो, चांगला होता.

तपासणीचे दिवस आले. तेव्हा दवाखान्यात साठीपुढच्या सगळ्यांचं रक्त तपासायची मोहीम चालू होती. बाईंनीही हात पुढे केला, नॉर्मल कसं असतं ते ह्यांना दिसू दे म्हणाल्या. आठवड्याने निकाल आणायला मीच दोघांना गाडीतून नेलं. काकांची साखर सहा पूर्णांक आठ. बाईंची दहा पूर्णांक चार.

बाईंनी आधी कागद अदलाबदल झाल्याचा आरोप केला. नर्सने नावं दाखवली, मग हळूच विचारलं की गोड काय खाता. काहीच नाही, असं बाई ठामपणे म्हणाल्या. आणि मग थांबल्या.

“तो नमुन्याचा ग्लास असायचा,” त्या म्हणाल्या. “ओतून थोडाच देणार? अन्न आहे ते.”

दिवसाला किती, तर चार. कधी पाच.

इन्सुलिन बाईंच्या नावावर लिहून मिळालं. घर जवळ आल्यावर बाई गाडीच्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, “गल्लीत कळता कामा नये. अर्ध्या गावाला मी आहार शिकवलाय.” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी काका तीन महिन्यांनी टपरीवर आले. सगळ्यांनी निकाल विचारला. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वाढलीय. इन्सुलिन सुरू.”

कादरने भरलेला ग्लास पुढ्यातून उचलला. “बाईंनी एवढा जीव काढला आणि तुम्ही माती खाल्लीत? चोरून प्यायलात ना?” काकांनी मान खाली घातली. समोर काळा, बिनसाखरेचा चहा आला. त्या दिवशी ज्याला फेसाचा चहा प्यायचा हक्क होता, असा टपरीवर काका हा एकटाच माणूस.

तेवढ्यात बाई त्यांना न्यायला आल्या. कादरने लगेच काकांची तक्रार केली. बाईंनी तो काळा चहा पाहिला, काकांची खाली गेलेली मान पाहिली. मला वाटलं गप्प राहतील. मी राहिलो असतो.

“ह्यांची उतरलीय,” बाई म्हणाल्या. “वाढलीय ती माझी. नमुन्याचे ग्लास मीच पीत होते.”

मग कादरने छातीवर हात ठेवला. “बघा रे. नवऱ्याची लाज झाकायला बाई जन्मात पहिल्यांदा खोटं बोलल्या. बायको असावी तर अशी.”

बाई पर्समधून कागद काढायला लागल्या, तर कादर म्हणाला, राहू द्या बाई, आम्हाला काही बघायचं नाही. बाई माझ्याकडे वळल्या. “तू सांग यांना.”

मी सांगितलं. सगळे हसले. मी बाईंचाच विद्यार्थी, मी दुसरं काय सांगणार?

बाईंनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि टपरीवर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या. काकांसारखाच एक काळा चहा मागवला. कादरने डोळे पुसत तो आणून ठेवला.

“कडू आहे गं,” काका हळू आवाजात म्हणाले.

“प्या,” बाई म्हणाल्या. “मीही पितेय.”